नहरीच्या मागावर: छत्रपती संभाजीनगरच्या बागा

(दृश्य: पाणचक्की. भिंतीवरून कोसळणारं पाणी, खाली हौद.)

पाणचक्कीच्या आवारात शिरलं की पाणी दिसायच्या आधी ऐकू येतं. उंच दगडी भिंतीच्या माथ्यावरून धार सुटते आणि खालच्या हौदात कोसळते. माणसं भिंतीपुढे उभी राहून फोटो काढतात, पोरं कठड्यावर वाकून मासे बघतात, आणि दहा मिनिटांत मंडळी पुढच्या ठिकाणाला निघतात. आपण मात्र इथं जरा रेंगाळणार आहोत. हे पाणी येतं कुठून, हे एकदा समजलं की या शहरातल्या बागा, हौद, तळी यांचा आपसातला संबंध उलगडू लागतो.

छत्रपती संभाजीनगरला येणारे पाहुणे बहुतेक करून वेरूळ-अजिंठ्यासाठी येतात. शहराच्या वाट्याला उरलेली अर्धी दुपार येते, तीही उन्हाची. हा मोठा अन्याय आहे. या शहराला निदान दोन सकाळी द्याव्यात आणि त्या पाण्याचा माग काढत घालवाव्यात. आज तेच करू.

(दृश्य: हर्सूलच्या बाजूचे डोंगर, पायथ्याची शेतं.)

सन १६१०. अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर मलिक अंबर यानं खडकी नावाच्या गावाशी नवी राजधानी वसवायला घेतली. आफ्रिकेतल्या हबशी मुलुखात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि दख्खनेत येऊन कर्तबगारीवर वजीर झालेला हा माणूस. मुघलांशी झुंजताना त्यानं गनिमी काव्याचा वापर केला, हे आपण शाळेत शिकतो. त्यानं पाणी कसं आणलं, हे मात्र फारसं कुणी शिकवत नाही. मला विचाराल तर त्याचं सर्वांत टिकाऊ काम तेच.

जागा खडकाळ. खाम नदी लहान, उन्हाळ्यात आटणारी. राजधानी म्हटली की लष्कर आलं, बाजार आला, जनावरं आली. मराठा सरदारांच्या नावानं पुरे वसले. मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा ही नावं त्याच काळातली. एवढ्या वस्तीला विहिरी पुरणार नव्हत्या. अंबरनं धरण बांधलं नाही. त्यानं डोंगराच्या पायथ्याशी, जमिनीच्या पोटात मुरलेलं पाणी गाठलं.

नहर म्हणजे पाण्याची ही जमिनीखालची वाट. तिची रीत अशी. डोंगरावर पडलेला पाऊस मातीतून आणि मुरमातून खाली झिरपत जातो आणि पायथ्याशी साठतो. त्या साठ्याच्या पातळीखाली बोगदा खणायचा. बाजूच्या मातीतून पाणी पाझरत त्या बोगद्यात उतरतं. मग बोगद्याला अगदी बेताचा उतार देत ते शहरापर्यंत आणायचं. उतार जास्त झाला तर वेगानं माती खरवडली जाते, कमी झाला तर गाळ बसतो. हा अंदाज चुकला असता, तर सगळी मेहनत वाया गेली असती. शहराजवळ आल्यावर हेच पाणी चुन्यात बसवलेल्या मातीच्या नळांतून पुढे जातं. ना मोट, ना रहाट. सगळी वाटचाल उताराच्या भरवशावर, आणि जमिनीखालून, म्हणजे ऊन लागून वाफ व्हायची भीती नाही.

वाटेत जागोजागी दगड-विटांचे मनोरे बांधलेले असत. इथले लोक त्यांना बंब म्हणतात. नळातली कोंडलेली हवा तिथं बाहेर पडे, पाण्याचा दाब मोडे, गाळ खाली बसे. जुन्या वस्तीत फिरताना भिंतीला लागून एखादा जाडजूड चौकोनी खांब दिसला, ज्याच्यावर ना दिवा ना छप्पर, तर थांबून बघा. तो बंब असू शकतो. काहींच्या अंगावर पिंपळ उगवलाय, काही रस्त्याच्या आणि इमारतींच्या कामात गेले.

इराणमध्ये अशी भूमिगत पाणीवाट फार जुनी. आपल्या शेजारी बऱ्हाणपूरला आणि बिदरलाही ती आहे. अंबरनंतर या शहरात आणखी नहरी निघाल्या. थत्ते नहर, पळशीची नहर, आणि आपण जिच्यापाशी सुरुवात केली ती पाणचक्कीची नहर.

(दृश्य: पाणचक्कीची भिंत जवळून; मग मोठा हौद आणि वडाचं झाड.)

पुन्हा पाणचक्कीत येऊ. हे मुळात बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याचं आवार. ते मध्य आशियातून आलेले सूफी. त्यांच्यामागं, १८व्या शतकात, निजामाच्या पदरच्या तुर्कताज खानानं इथं पाणी खेळवलं. डोंगराकडून येणारं पाणी बंद नळातून येतं, त्यामुळे ते आपल्या उगमाच्या उंचीकडे चढू पाहतं. या गुणाचा फायदा घेऊन ते भिंतीच्या आतून वर नेलं आणि वरून सोडलं. पडत्या पाण्याच्या जोरावर पाती फिरायची, पात्यांबरोबर जातं फिरायचं आणि दर्ग्यातल्या फकिरांसाठी, मुक्कामाच्या वाटसरूंसाठी पीठ पडायचं.

मशिदीपुढचा लांबट हौद नीट बघा. १६४ फूट लांब, ३१ फूट रुंद. हौद म्हटला की तो जमिनीत असणार असं आपण धरून चालतो. हा हौद एका दालनाचं छत आहे. खाली जाड खांबांवर उभारलेलं प्रशस्त तळघर आहे आणि त्याच्या डोक्यावर हे सगळं पाणी. मराठवाड्याचा वैशाख ज्यानं सोसलाय त्याला या रचनेचं मोल सांगावं लागत नाही. पारा चाळिशीच्या वर गेलेला असताना वरच्या पाण्यानं खालची हवा गार राहायची. एकाच पाण्यानं आधी जातं फिरवलं, मग डोळ्यांना सुख दिलं, मग तळघर थंड केलं आणि शेवटी खामकडे वाट धरली. इतकं काटकसरीनं वापरलेलं पाणी मी दुसरीकडे क्वचितच पाहिलंय.

आवारातला वड फार जुना आहे, आणि त्याच्या पारावर बसायला जागा मिळाली तर सोडू नका. मात्र पाणचक्कीला श्रावणापासून पौषापर्यंत या. उन्हाळ्यात धार बारीक होते, आणि तिला दोष देता येणार नाही. डोंगराच्या पायथ्याशी आता बोअरवेल आहेत, नहरीच्या वाटेवर बांधकामं आहेत.

(दृश्य: बीबी का मकबरा. पहाटेचा उजेड, मधली लांब पाणवाट.)

इथून मकबरा जवळच. बीबी का मकबरा म्हणजे औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिची कबर. ती १६५७ साली वारली. मकबरा बांधल्याचं श्रेय तिच्या मुलाला, आझमशहाला दिलं जातं. आराखडा अताउल्लाचा, आणि हा अताउल्ला ताजमहालाचा प्रमुख वास्तुकार उस्ताद अहमद लाहोरी याचा मुलगा. साहजिकच सगळे ताजशी तुलना करतात आणि संगमरवर कुठं संपतो, चुन्याचा गिलावा कुठं सुरू होतो याचा हिशेब मांडत बसतात. त्या नादात बाग बघायची राहून जाते.

आणि बाग ही इथली खरी मिळकत. भोवतालचा कोट उत्तर-दक्षिण साधारण ४५८ मीटर आणि पूर्व-पश्चिम २७५ मीटर. एवढ्या आवाराचे पाटांनी आणि वाटांनी चार भाग केलेले: चारबाग. दारातून आत आलात की सरळ समोर लांबच लांब हौद, ४८८ फुटांचा, आणि त्यात ६१ कारंज्यांची ओळ. कारंजी बंद असली तरी ओळीच्या एका टोकाला उभे राहून बघा. नजर आपोआप घुमटाकडे जाते. मग दोन्ही अंगांच्या दगडी जाळ्यांकडे वळा. त्या पलीकडची हिरवळ तुकड्यातुकड्यांनी दाखवतात, एकदम सगळी नाही.

माझी आवडती जागा मात्र मधल्या वाटेवर नाही. बाजूच्या भिंतीकडे, झाडांच्या सावलीत जा. तिथून मकबरा तिरका दिसतो, मागं डोंगराची रांग दिसते, आणि ही जागा निवडणाऱ्यानं तो डोंगरही आराखड्यात धरला होता असं वाटत राहतं. गर्दी सुरू व्हायच्या आत, सकाळी जा.

(दृश्य: हिमायतबागेतली जुनी झाडं, सलीम अली सरोवर, पाणपक्षी.)

दिल्ली दरवाजाच्या बाजूला हिमायतबाग. ही मुघलकाळापासूनची बाग, आणि आज तिथं परभणीच्या कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे. इथं पाळणे आणि खाऊची दुकानं शोधू नका. जुने आंबे, चिंचा, दाट सावली आणि पक्ष्यांचे आवाज, एवढंच आहे. शहराच्या ऐन मध्यभागी इतकी झाडं उभी आहेत, यासाठी इथल्या झाडांवर प्रेम करणाऱ्या नागरिकांचे आभार मानायला हवेत. ते या बागेबद्दल सतत बोलत आले.

समोरच सलीम अली सरोवर. पूर्वीचा खिजरी तलाव. थोर पक्षीशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांचं नाव त्याला दिलं आहे. दुर्बीण असेल तर घेऊन या. बगळे, पाणकावळे, खंड्या, हळदीकुंकू बदकं दिसतील. तळ्याच्या ज्या बाजूला माणसांचा वावर कमी आहे ती बाजू तशीच राहू द्या. पक्षी तिथंच घरटी करतात.

लहान मुलं बरोबर असतील तर मध्यवर्ती बसस्थानकाजवळचं सिद्धार्थ उद्यान आहे; तिथल्या प्राणिसंग्रहालयातले वाघ मुलांना हलू देत नाहीत.

(दृश्य: नागसेनवन, विद्यापीठ परिसर, मग लेण्यांचा डोंगर.)

संध्याकाळ राखून ठेवा ती डोंगरासाठी. वाट नागसेनवनावरून जाते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली इथं मिलिंद महाविद्यालय सुरू केलं आणि मराठवाड्यातल्या किती तरी घरांत पहिला पदवीधर या परिसरातून गेला. पुढं विद्यापीठ, आणि विद्यापीठाच्या मागं औरंगाबाद लेणी. बरीचशी सहाव्या-सातव्या शतकातली, बौद्ध, डोंगरकड्यात गटागटांनी खोदलेली.

सातव्या लेण्याच्या दारी अवलोकितेश्वर, करुणेचा बोधिसत्त्व, उभा आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना आठ संकटं कोरलीत: आग, तलवार, बेड्या, फुटणारं जहाज, सिंह, साप, हत्ती, मृत्यू. प्रत्येक संकटातली माणसं त्याला हाक मारताहेत. आत नर्तकी आहे, भोवती वादक स्त्रिया. वेरूळला जी गर्दी असते तिच्या एक शतांशही इथं नसते, आणि त्यामुळे शिल्पापुढे हवं तितकं थांबता येतं. बाहेर आलात की खाली मकबरा, त्याच्या भोवतीची हिरवी चौकट आणि पलीकडे पसरलेलं शहर. सकाळी चालायला येणारी इथली मंडळी जवळच्या गोगाबाबा टेकडीवर सूर्योदय गाठतात. पाय धड असतील तर तुम्हीही गाठा.

या उंचीवरून दिसणाऱ्या शहराला आता नहरी पुरत नाहीत. आजचं पाणी येतं पैठणहून, जायकवाडीच्या नाथसागरातून. पैठण गोदावरीकाठी, शहरापेक्षा खाली आहे, म्हणून ते पंपांनी उपसून चढवावं लागतं. अंबरनं जे काम उतारावर सोपवलं, ते आता विजेवर चालतं, आणि तरीही बऱ्याच भागांत नळाला पाणी कित्येक दिवसांनी येतं. या गावात राहणाऱ्या कुणालाही विचारा; पाणी कधी येणार याची तारीख पाठ असते.

म्हणून पाण्याचा माग पैठणपर्यंत न्यावा. मध्यवर्ती बसस्थानकावरून एसटी मिळते. जायकवाडीचं धरण जवळजवळ दहा किलोमीटर लांबीचं आहे, त्याला २७ दरवाजे आहेत, आणि पायथ्याशी संत ज्ञानेश्वर उद्यान आहे. धरणाच्या फुगवट्यावर थंडीत रोहित पक्षी उतरतात. पहाटे निघालात तर ऊन चढायच्या आत उथळ पाण्याकडच्या काठावर पोचता येतं. पाण्याची बाटली भरून न्या आणि उद्यान चालू आहे का ते निघण्याआधी विचारून घ्या.