मागची पानं

(पडद्यावर निळ्या पुठ्ठ्याची जाड वही. कोपरे झिजलेले, पाठीला चिकटपट्टी. एक हात पान उलटतो.)

ही मास्तरांची वही. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, मिशनचे मास्तर. कागदोपत्री त्यांना कॅटेकिस्ट, म्हणजे धर्मशिक्षक, म्हणतात. पण वैजापूर-गंगापूरच्या पट्ट्यात तो शब्द कुणाच्या तोंडी नाही. फादरांची काही वर्षांनी बदली होते, मास्तर गावातच राहतात. कुणाचं लेकरू कधी जन्मलं, कुणाची सोयरीक कुठं झाली, कोणता भाऊ कोणत्या भावाशी बोलत नाही, हे नव्या फादरांना मास्तरांकडूनच कळतं.

प्रत्येक धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदवह्या ठेवल्याच पाहिजेत, असा चर्चचा नियम आहे. ती मोठी रजिस्टरं फादरांच्या कपाटात, कुलुपात. ही वही मात्र मास्तरांच्या मोटारसायकलच्या डिकीत हिंडणारी. तिच्यात गाववार घरं, घरवार माणसं. एका पानावर चहाचा गोल डाग आहे. तो कोणत्या घरच्या कपाचा, तेही मास्तर सांगतात.

(चर्चचा दर्शनी भाग. समोर कडुलिंब, बाजूला हातपंप.)

मराठी ख्रिस्ती म्हटलं की लोकांना वसई आठवते, फार तर नगर. मराठवाडा कुणाच्या ध्यानात येत नाही. हा मुलूख इंग्रजांचा नव्हता, निजामाचा होता. इथल्या खेड्यांत कॅथलिक मिशन आलं ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, फ्रेंच धर्मगुरूंबरोबर. घोगरगाव, बोधडकडं फादर गुरियन जाकिए यांचं नाव अजून निघतं. औरंगाबादचा, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचा, स्वतंत्र धर्मप्रांत झाला तो बराच पुढं, १९७७ साली. म्हाताऱ्या माणसांना मात्र सालं अशी आठवत नाहीत. त्यांच्या हिशेबात एकच साल, बहात्तर. दुष्काळ, खडी फोडायची कामं, मिलोच्या लाल भाकरी आणि सुकडी.

म्हणून २०२० च्या मार्चमध्ये कोरोनामुळं सगळं बंद होणार असं कानावर आलं, तेव्हा एक आजी मास्तरांना म्हणाल्या, "बहात्तरला खायला नव्हतं, पण एकमेकांच्या दारात तरी बसता येत होतं."

२२ मार्च, रविवार. ईस्टरआधीच्या उपवासकाळातला चौथा रविवार आणि जनता कर्फ्यू, दोन्ही एकाच दिवशी. सकाळी मिस्साची, म्हणजे रविवारच्या उपासनेची, घंटा झाली नाही. संध्याकाळी पाचला गावात थाळ्या वाजायला लागल्या, तेव्हा कुणीतरी न राहवून चर्चची घंटाही वाजवली. कुणी, ते आजतागायत कळलेलं नाही. मास्तरांना माहीत असावं असा आमचा संशय आहे.

दोनच दिवसांनी, मंगळवारी रात्री, एकवीस दिवसांची टाळेबंदी जाहीर झाली. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता.

(वहीचं पान जवळून. नावांपुढं पेन्सिलीच्या बारीक खुणा.)

आता या खुणा बघा. 'वा' म्हणजे वाळूज. एमआयडीसीत कामाला गेलेला पोरगा, कंपनी बंद, खोलीचं भाडं चालू. 'ऊ' म्हणजे ऊस. जोडपं कोयता घेऊन गेलंय, कारखान्याच्या तळावर अडकलंय, लेकरं इथं आजीपाशी. 'ए' म्हणजे एकटं माणूस. आणि 'गो' म्हणजे गोळ्या. बीपीच्या, शुगरच्या, फिटच्या. रोज लागणाऱ्या, आणि तालुक्याला जायची गाडी नाही.

ख्रिस्तप्रसाद कुणी कधी घेतला ते लिहायची ही वही. आठवडाभरात तिच्यात कुणाच्या घरात किती दिवसांचं पीठ आहे ते लिहिलं गेलं.

सरकारी धान्य येत होतं, ते नाकारून चालणार नाही. माणशी पाच किलो फुकट, घरामागं किलोभर डाळ. पण ते कार्डावर. कार्ड सासऱ्याच्या नावावर, सासरा वारलेला, कार्ड गावात, माणूस वाळूजला, कार्डच नाही. असल्या घरांसाठी मिशनच्या हॉलमध्ये पोती आली. शाळू नुकतीच घरात आली होती. ज्याच्याकडं चार पोती, त्यानं एक दिलं. शहरातल्या धर्मग्रामस्थांनी पैसे पाठवले. ज्वारी, तूरडाळ, तेल, तिखट, मीठ, चहापत्ती, अंगाचा साबण, कपड्याचा साबण. शेवटी सिस्टरांनी, म्हणजे मिशनच्या धर्मभगिनींनी, एक वस्तू घातली, तिचं नाव हॉलमध्ये बसलेल्या पुरुषांपैकी कुणी घ्यायला तयार नव्हतं. वर्तमानपत्रात गुंडाळलेली पॅडची पाकिटं.

दोन गोष्टी पहिल्याच बैठकीत ठरल्या. पिशवीवर क्रूस छापायचा नाही. आणि घेणाऱ्याचा फोटो काढायचा नाही. त्या दिवसांत एका डाळीच्या पुड्याला सहा हात लागलेले फोटो आपण सगळ्यांनीच पाहिलेत. पण इथं कारण आणखीही होतं. मिशननं धान्य वाटलं की कुणीतरी विचारतंच, बदल्यात काय? तो प्रश्न इथल्या ख्रिस्ती माणसानं तीन पिढ्या ऐकलाय. पिशव्या मग ग्रामपंचायतीच्या ओट्यावरून वाटल्या, सरपंचांसमोर.

तिथंच मास्तरांची पंचाईत झाली. सिस्टर म्हणाल्या, कॅनॉलपलीकडं पारध्यांची पालं आहेत, ती लिहा. मग लासूर स्टेशनवरचे हमाल. मग शेजारच्या गल्लीतली, दोन्ही पोरं पुण्यात अडकलेली म्हातारी. लिहायचं कुठं? वही तर धर्मग्रामाची. मास्तरांनी जरा वेळ पेन टेकवून धरला, मग वही उलटी केली आणि मागून पहिल्या पानावर लिहायला सुरुवात केली.

(वही उलटी. मागची पानं.)

पुढच्या पानांवर सहा रकाने आहेत. मागच्या पानांवर तीन. नाव, किती माणसं, काय पाहिजे.

एप्रिलच्या पाच तारखेला झावळ्यांचा रविवार होता. एरवी या दिवशी शिंदीच्या झावळ्या हातात घेऊन मिरवणूक निघते. त्या वर्षी फादरांनी व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप धाडला: जी मिळेल ती झावळी, ती नसेल तर हिरवा डहाळा, आपापल्या दाराला बांधा. पाडव्याचा कडुलिंब अजून लटकत होता, त्याच्याशेजारी शिंदी आली. त्याच रात्री नऊला देशभर नऊ मिनिटं दिवे लावायचे होते. ख्रिस्तवाड्यातही लागले. उंबऱ्यावर पणती आणि वर झावळी, असा झावळ्यांचा रविवार इथं कुणी पाहिला नव्हता.

मिस्सा मोबाइलवर आली, म्हणजे रेंज आली तर आली. एका घरात फोन उतरंडीवर ठेवला की दिसायचं. चार घरची माणसं अंतर ठेवून अंगणात, आणि मिस्सा उतरंडीवर. नेमका ख्रिस्तप्रसादाच्या वेळी गोल फिरायला लागायचा. कुणी हसलं तर सिस्टरांच्या कानावर जायचं.

(रात्र. महामार्ग. ट्रकांचे दिवे.)

मग रस्ता चालू लागला. नाशिककडून येवला, वैजापूर, औरंगाबाद, जालना असा तो पुढं विदर्भात जातो. मुंबई-नाशिकहून निघालेली माणसं एप्रिलअखेर या रस्त्यानं दिसायला लागली. डोक्यावर बोचकी, कडेवर लेकरं, पायात चपला किंवा चपलांचं उरलेलं काही. चर्चच्या फाट्यावर रांजण मांडले, पिठलं-भाकरी सुरू झाली. बायकांनी भाकरीच्या पाळ्या लावून घेतल्या. त्यात बौद्धवाड्यातल्या होत्या, मराठ्यांच्या दोन सुना होत्या. बोर्डिंगच्या कोठीतून मुलांचे जुने बूट निघाले, ते दोन दिवसांत संपले.

या पानांवर नावं नाहीत. नुसत्या रेघा, चार उभ्या आणि एक आडवी. मास्तर म्हणतात, "नाव विचारावं तर पुढचा माणूस उभा. अन् विचारून त्याला थोडंच परत बोलवायचं होतं?"

आठ मेच्या तारखेखाली रेघा नाहीत. एक आकडा आहे. १६.

ती माणसं या रस्त्यानं आलीच नव्हती. जालन्याच्या स्टील कारखान्यातली, मध्य प्रदेशची पोरं. रेल्वेरुळावरून भुसावळकडं निघालेली. औरंगाबादच्या अलीकडं, करमाडजवळ थकून रुळावरच झोपली. पहाटे मालगाडी आली. रुळावर विखुरलेल्या पोळ्यांचा फोटो सगळ्या देशानं पाहिला. त्या दिवशी फाट्यावर भाकरी थापणाऱ्या बायका बराच वेळ एकमेकींशी बोलल्या नाहीत. दुपारी एकीनं तवा उतरवला, मग परत चढवला.

(चर्चचं दार उघडतं. आतून अंगणाकडं.)

राज्यातली प्रार्थनास्थळं उघडली ती १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला. त्याआधी सप्टेंबर गेला होता, गोदावरीपल्याडच्या हरेगावला मतमाऊलीच्या, म्हणजे मरियामातेच्या, यात्रेला न जाता. ते कुणी विसरलेलं नाही, त्यावर इथं जास्त बोलतही नाही कुणी.

फेब्रुवारीत राखेचा बुधवार आला. कपाळावर लावायची ही राख आदल्या वर्षीच्या झावळ्या जाळून करतात. पण गेल्या वर्षी चर्चमध्ये झावळ्या आल्याच कुठं होत्या? मास्तर घरोघर गेले आणि दारावरच्या वाळलेल्या झावळ्या मागून आणल्या. त्यात कडुलिंबाच्या काड्या होत्या, एका घरची चक्क आंब्याची डहाळी होती. सगळं एका घमेल्यात जाळलं, वस्त्रगाळ केलं. व्हॅटिकनची सूचना होती की यंदा कपाळाला हात लावायचा नाही, राख डोक्यावर शिंपडायची. म्हाताऱ्यांना ते पटलं नाही. कपाळावर क्रूस नाही म्हणजे घरी जाऊन दाखवायचं काय? पण शिंपडून घेतली.

एप्रिलमध्ये चर्चला परत कुलूप लागलं.

दुसऱ्या लाटेबद्दल मास्तर फार सांगत नाहीत, वही सांगते. पहिल्या वर्षी पेन्सिल होती. आता नावांवरून पेनची आडवी रेघ आणि बाजूला तारीख. एका पानावर तीन. एका घरात दोन, पाच दिवसांच्या अंतरानं. मातीला वीसच माणसं चालायची, आणि दवाखान्यातून आलेल्या मातीला तर घरचीही लांबून. एकदा फादर कब्रस्तानाच्या भिंतीबाहेर उभे राहिले आणि प्रार्थना फोनवर म्हणाले. आत पीपीई घातलेल्या पोरानं फोन स्पीकरवर धरला होता. 'आमेन' म्हणायची वेळ आली, तेव्हा तो एकटाच होता. त्यानं मास्कच्या आतून म्हटलं.

आणि मग अक्षर बदलतं.

(जवळून. तिरकं, दाबून लिहिलेलं अक्षर संपतं. गोल, सुटं अक्षर सुरू होतं.)

हे सूनबाईंचं अक्षर. सतरा दिवसांचं. मास्तर ऑक्सिजनवर होते. सूनबाईंचं शिक्षण बारावी. वही त्यांनी कधी उघडलेली नव्हती. पण फोन येत होते, तिकडून कुणी गोळ्या विचारायचं, कुणी सिलिंडर. त्यांनी पुढचं-मागचं काही पाहिलं नाही, जिथं पान कोरं दिसलं तिथं लिहिलं. बाप्तिस्म्याच्या यादीत एका हमालाचं नाव आहे. मास्तर बरे होऊन आले, त्यांनी ते पाहिलं. खोडलं नाही.

७ ऑक्टोबर २०२१, घटस्थापना. देवळं, मशिदी, चर्च, सगळी दारं परत उघडली. पहिल्या रविवारी मिस्साला आलेल्या एका बाईनं नेहमीच्या बाकावर दोन माणसांची जागा सोडली आणि ती कडेला बसली. सवयीनं.

(मास्तर ओसरीवर. मांडीवर वही.)

ही वही आता भरली. पुढून आलेली पानं आणि मागून आलेली पानं यांच्या मधोमध चारच कोरी राहिलीत. मास्तरांनी नवी आणलीय, हिरव्या पुठ्ठ्याची. पुढच्या पानावर पट्टीनं सहा रकाने आखलेत, अजून नाव एकही नाही. 'घरं परत मोजायचीत,' म्हणतात.

आम्ही विचारलं, मागून काही लिहिलंय का. त्यांनी वही उलटी करून दिली.

तीन नावं. पहिलं पालावरच्या आजींचं. पुढं पेन्सिलीनं 'गो'.