‘मी फक्त स्टेटस ठेवलं होतं’

मंडळी, गेल्या पावसाळ्यात माझ्या ऑफिसात एक दादा आले. त्यांच्या परवानगीनं, ओळख झाकून सांगतो. करवीर तालुक्यातले, चार म्हशी, दीड एकर ऊस. हातात पोलिसांची नोटीस. खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाले, “वकीलसाहेब, मी कुणाकडनं एक रुपया हातात घेतलेला नाही. मी फक्त स्टेटस ठेवलं होतं.”

स्टेटस काय होतं? ‘क्रिप्टोत रोज एक टक्का, खात्रीशीर. मी स्वतः घेतोय.’ खाली एका ॲपची लिंक. त्या लिंकवरनं भावकीतल्या नऊ जणांनी पैसे भरले. कुणी दुधाचं बिल, कुणी मुलीच्या लग्नाचे बाजूला ठेवलेले. ॲप बंद पडलं, चालवणारे कोण हे कुणालाच ठाऊक नाही. मग तक्रारीत नाव कुणाचं येणार? ज्याचं घर माहीत आहे त्याचंच.

रोज एक टक्का चक्रवाढीनं धरा. एका लाखाचे वर्षात सदतीस लाखांच्या वर होतात. असा कुठला धंदा असतो हो?

क्रिप्टो, म्हणजे बिटकॉइनसारखं आभासी चलन, बाळगणं हा आपल्याकडे गुन्हा नाही. त्यातल्या नफ्यावर ३० टक्के कर आहे. पण कर लागतो म्हणून सरकारनं त्या ॲपची हमी घेतली, असं होत नाही. मार्च २०२३ पासून क्रिप्टोच्या खरेदी-विक्रीची सेवा देणाऱ्यांना मनी लाँडरिंगविरोधी (काळा पैसा पांढरा करण्याविरुद्धचा) कायदा लागू आहे आणि त्यांना संशयास्पद पैशांच्या व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या केंद्राच्या ‘फायनान्शियल इंटेलिजन्स युनिट’कडे नोंदणी करावी लागते. आणि नोंदणी असली तरी परताव्याची हमी कुणी देत नाही.

आता जाहिरात करणाऱ्याचं बघू. अनियंत्रित ठेव योजनांवर, म्हणजे कुठल्याही नियामकाकडे नोंद नसताना लोकांकडनं पैसे गोळा करणाऱ्या योजनांवर, बंदी घालणारा २०१९ चा कायदा सांगतो की अशा योजनेत लोकांना ओढण्यासाठी जाणूनबुजून खोटं आश्वासन दिलं, तर एक ते पाच वर्षं कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. यातला ‘जाणूनबुजून’ हा शब्द तुम्हाला तारेल असं वाटतं ना? पण तुमच्या मनात काय होतं हे कोर्ट ठरवतं ते कागदावरनं आणि फोनवरनं. कमिशन आलं का? कुणी सावध केलं होतं का? त्यानंतरही लिंक फिरत राहिली का? दादांच्या खात्यावर दर भरतीमागं कमिशन जमा झालेलं होतं.

२०१९ च्याच ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची शिफारस करणाऱ्याला पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र दाव्याची नीट खातरजमा केली होती हे दाखवता आलं, तर या दंडातनं सुटका आहे. म्हणून रील करणाऱ्या पोरांना मी कळकळीनं सांगतो, नोंदणीचा पुरावा आधी मागा, तोही लेखी, आणि तो जपून ठेवा.

आणि नोटीस आली की फोन साफ करू नका! घाबरून सगळे तेच करतात. पुरावा नष्ट केल्याचा आरोप वेगळाच मागं लागतो, आणि तुमच्या बाजूचं जे असतं तेही जातं.

दादांनी काही पुसलं नव्हतं. त्यांच्या चॅटमध्ये वरच्या माणसाला विचारलेला प्रश्न सापडला, ‘कंपनीची नोंदणी कुठं हाय?’ उत्तर होतं, ‘दादा, विश्वास ठेवा.’ मला बरं वाटलं, यांनी निदान विचारलं तरी होतं. मग तारखा बघितल्या. त्या उत्तरानंतरही तीन आठवडे स्टेटस चालूच होतं. विचारलं म्हणजे शंका आली होती, असं आता समोरची बाजू म्हणते. फोन जप्त आहे, आणि भावकीतल्या नऊपैकी सात घरांनी त्यांच्याशी बोलणं टाकलंय.