अंगठा आणि जिना

नमस्कार मंडळी. सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आता घरोघरी आहे, बहुतेकांनी म्यूट करून ठेवलेला, तेव्हा तो काय असतो ते सांगत बसत नाही. अंगठा दाबला की म्हणणं पोचतं, सोय उत्तमच, पण त्यात चर्चा होते का, एवढंच आज बोलायचंय.

माझ्या माहितीतली कोथरूडची एक सोसायटी, चार मजली, लिफ्ट नाही. टँकरचा खर्च कोणी किती द्यायचा यावरून ग्रुपवर जुंपली. "तुमच्याकडे दोन बाथरूम", "तुमची गाडी रोज पाइपने धुता", आणि मध्येच कोणीतरी शुभ रात्रीचा गुलाब टाकतंय (या लोकांना पहाटे मंडईत पाठवून खराखुरा गुलाब आणायला लावला पाहिजे, असो). सेक्रेटरी काका वैतागले, सेटिंग बदलून फक्त अ‍ॅडमिनला बोलता येईल असं केलं आणि वॉचमनच्या टेबलावर दोनशेपानी वही ठेवली, पेन सुतळीने बांधलेलं, कारण पुण्यात सुतळीशिवाय पेन टिकत नाही. बोलायचंय त्याने खाली यायचं, लिहायचं, सही करायची.

आणि काय सांगू, भांडण बसलं की! एका ओळीत आग लावणारे अर्धं अर्धं पान लिहायला लागले, एका गृहस्थांनी टँकरची बिलं फ्लॅटवार मांडून कोष्टक काढलं, आणि वही उघडली की आधीच्याचं म्हणणं समोरच, मग ते वाचलंही जायला लागलं. काका खूश. पण मीटिंगमध्ये वही वाचायला घेतली तर चौथ्या मजल्यावरच्या आजींचं एक अक्षर नाही. आजी ग्रुपवर बोलून पाठवायच्या, लांबलचक पण मुद्द्याचं, आणि गुडघ्यांमुळे त्यांचं जिना उतरणं बंद. टाकी गच्चीवर, म्हणजे पाण्याला जोर सगळ्यात कमी तो नेमका त्यांच्याच नळाला! तिसऱ्या मजल्यावरची नर्स, कायम रात्रपाळी, तिचंही काही नाही. वहीत विचार आला खरा, पण तो खालच्या दोन मजल्यांचा.

तर मुद्दा हा, उशीर चालेल, जिना नको. परत सांगतो, उशीर चालेल, जिना नको.

थोडा अडसर घातला की फरक पडतो हे व्हॉट्सअ‍ॅप कंपनीनेही पाहिलंय. 2018 मध्ये भारतात एका वेळी पाचच फॉरवर्डची मर्यादा आली, एप्रिल 2020 मध्ये फार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी, आणि कंपनीच्या म्हणण्यानुसार असे फॉरवर्ड 70 टक्क्यांनी घटले. व्याख्यानांचंही तेच, माझं मत विचाराल तर कुठल्याही व्याख्यानानंतर प्रश्न चिठ्ठीवरच घ्यावेत, माइक हातात दिला की प्रश्न राहतो बाजूला आणि दुसरं व्याख्यान सुरू होतं.

हां, तर काकांनी काय केलं? म्हणणं आता कधीही त्यांना पाठवा, लिहून, बोलून, कसंही, ते सगळं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नावांसकट एकदम ग्रुपवर टाकतात. आजींचं पहिलं म्हणणं गच्चीवर छोटा पंप बसवण्याचं होतं, त्याचं कोटेशन मागवलंय. काकांचा रोज अर्धा तास जातो यात, आणि त्यांना आता सेक्रेटरीपद सोडायचंय, पण दुसरं कोणी अजून तयार नाही.