पाड्याची पेंड

नमस्कार मंडळी.

गिरणगावातल्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत सात चाकरमानी राहायचे. गावाहून पत्र आलं की काका आधी पाड्याची, म्हणजे आमच्या झुंजीच्या बैलाची, खुशाली शोधायचे, मग माणसांची. मनिऑर्डरीच्या कुपनावर दर महिन्याला तीच ओळ: ‘पाड्याक पेंड कमी करू नको.’

भातकापणी उरकली की आमच्या मालवणकडच्या मोकळ्या मळ्यांत बैलांच्या झुंजी लागायच्या. शेजारी गोव्यात यालाच धिर्यो म्हणतात. पाडा जिंकला की वाडी जिंकली. मग परळच्या खानावळीत त्या वाडीची माणसं महिनाभर ताठ मानेनं जेवायची. गिरणीत पाळ्या करून पिचलेल्या माणसाचं गावात अजून काहीतरी दिमाखात उभं आहे, ते म्हणजे तो पाडा. लांबून बघणाऱ्याला हे कळत नाही, त्याला नुसतं रक्त दिसतं.

पण रक्त होतंच. एका दिवाळीच्या सुट्टीत मी गावी होतो आणि आमचा पाडा हरला. बरगडीखाली शिंग घुसलं होतं. गर्दी जिंकणाऱ्याच्या मागून निघून गेली. रात्री गोठ्यात मी कंदील धरला होता, काकी खोबरेलात हळद कालवून जखमेत भरत होती. पाडा थरथरत होता, तरी तिच्या हाताला त्यानं शिंग लावलं नाही. वाडीची अब्रू आम्ही त्याच्या डोक्यावर ठेवली होती, त्याला कुणी विचारलं नव्हतं.

म्हणून झुंजींवरची बंदी मला मनापासून मान्य आहे. १९६० च्या कायद्यानं जनावरं झुंजवणं हा गुन्हाच आहे. बैलगाडा शर्यत २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं थांबवली, २०१७ मध्ये महाराष्ट्रानं कायदा बदलला, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं तो कायदा उचलून धरला. शर्यतीला वाट मिळाली, झुंजीला नाही. योग्यच झालं.

शहरात वाढलेली आपली मुलं या झुंजींबद्दल विचारतील, तेव्हा ‘आपली माणसं अडाणी होती’ म्हणून मोकळे होऊ नका. त्यांना कुपनावरची ओळ सांगा. कंदिलाची रात्रही सांगा.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि मनिऑर्डर थांबली. काका गावी परतले, त्याच पाड्याला जोताला जुंपलं. जखमेच्या जागी पुन्हा केस आले नाहीत. जोत सोडलं की काका आधी तिथं हात फिरवायचे.