एका प्लेटमागचे हात

रेस्टॉरंटच्या किचनमध्ये संध्याकाळची सर्व्हिस सुरू झाली आहे. पासवर, म्हणजे जिथून भरलेल्या प्लेटा वेटरच्या हाती जातात त्या कट्ट्यावर, प्रिंटरमधून एक चिठ्ठी सरकते. हेड शेफ ती मोठ्याने वाचतो, "दोन मासे, एक स्टेक, एक पास्ता!" तिन्ही स्टेशनांवरून, म्हणजे मासा, स्टेक आणि पास्ता करणाऱ्यांच्या जागांवरून, उत्तर येतं, "हो, शेफ!"

पाहणाऱ्याला हा लष्करी थाट वाटतो. पण चिमणीच्या पंख्याच्या घरघरीत ऑर्डर पोचली की नाही, हे कळायला दुसरा मार्गच नसतो.

खरी कसोटी पुढेच आहे. स्टेक, म्हणजे मांसाचा काप, जाड आहे. भाजून, मग आचेवरून उतरवून थोडा विसावू देऊन, त्याला वीसेक मिनिटं लागतील. मासा पाच मिनिटांत होतो, ताजा पास्ता तीन. चारही प्लेटा मात्र टेबलावर एकदमच जायला हव्यात. म्हणून मासेवाला हात आवरून उभा आहे. त्याचं लक्ष तव्याकडे कमी, शेजाऱ्याच्या हाकेकडे जास्त. "पाच मिनिटं!" ऐकू आलं की मासा तव्यावर पडतो. आपलं कसब दाखवायच्या नादात त्याने आधीच तो उतरवला, तर तो पासवरच्या दिव्याखाली कोरडा होणार. अशा कसबाला काय चाटायचंय!

कामाची ही वाटणी रुजवण्याचं श्रेय फ्रेंच शेफ ओग्युस्त एस्कोफिए यांना दिलं जातं. तरुणपणी त्यांनी सैन्यात स्वयंपाक केला होता. १८९० मध्ये ते लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात आले आणि तिथल्या किचनची घडी त्यांनी नव्याने बसवली. सॉस एकाकडे, भाजणं दुसऱ्याकडे, अंडी आणि भाज्या तिसऱ्याकडे. अंडी, भाजलेलं मूत्रपिंड आणि ट्रफल या सुगंधी अळंबीचा सॉस अशी एक डिश होती. एकट्या आचाऱ्याला तिला पंधराएक मिनिटं लागायची. तिघांनी वाटून घेतल्यावर ती काही मिनिटांतच तयार होऊ लागली. एस्कोफिए यांना किचनमधला आरडाओरडा आणि दारूही खपत नसे. गंमत म्हणजे पुढे पडद्यावर गाजला तो नेमका ओरडणारा, भांडी आपटणारा 'जीनियस' शेफ!

१९०३ मध्ये एस्कोफिए यांचा पाककृतींचा जाडजूड ग्रंथ निघाला. त्यावर त्यांनी फिलेआस जिल्बेर आणि एमिल फेत्यू यांच्यासह आपल्या सहकाऱ्यांची नावं छापली. हे मला त्यांच्या कुठल्याही सॉसपेक्षा मोठं वाटतं.

पुस्तकावर ज्याचं नाव सहसा येत नाही, असाही एक माणूस किचनमध्ये असतो. तो मागे सिंकपाशी उभा आहे. सॉसवाल्याकडे मोजकीच पातेली आहेत. एक वापरून झालं की ते तिकडे जातं, धुऊन, पुसून परत येतं आणि लगेच आचेवर चढतं. हा फेरा अडला की आधी सॉस थांबतो, मग सॉसची वाट पाहणारा स्टेक, मग अख्खं टेबल. ऐन गर्दीत पातेलं नसेल तर पट्टीचा सॉसवालाही हातावर हात धरून बसतो. म्हणून भांडी घासणारा गैरहजर असला की जाणता हेड शेफ मेन्यूकडे नंतर बघतो. आधी सिंकवर कोणाला तरी उभं करतो, आणि कोणीच मोकळं नसेल तर बाह्या सरसावून स्वतः उभा राहतो.