मारा नेमकी कोण? लाट्वियाच्या लोकगीतांतल्या माता

रीगा शहर. लाट्वियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात एक लाकडी कपाट आहे. खणाखणांत कागदाची चिटोरी आणि प्रत्येक चिटोऱ्यावर एक ‘दाइना’, म्हणजे बहुतेक वेळा चारच ओळींचं लोकगीत. क्रिश्यानिस बारोन्स यांनी १८९४ ते १९१५ या काळात ही गाणी छापली. पाठभेद धरून दोन लाखांहून अधिक!

यात देवादिकांच्या लांबलचक कथा शोधू नका. बारोन्स यांनी गाणी लावली ती माणसाच्या आयुष्याच्या क्रमानं. जन्म, लग्न, काम, मरण. देवी भेटते ती यातल्याच कुठल्यातरी कामात.

बाळंतपण घ्या. बायका बाळंत व्हायच्या वाफेच्या न्हाणीघरात. तिथे हाक जायची लाइमेला. बाळाचं नशीब तीच ठरवते, आपल्या सटवाईसारखी. नशीब वाईट निघालं, की गाण्यांतल्या मुली तिला सरळ बोल लावतात.

शिवाय समुद्राची माता, वनाची माता, शेताची, वाटेची... सतराव्या शतकात यांची नोंद केली कूरलँडच्या (लाट्वियाच्या पश्चिम भागातल्या) पाउल आइनहॉर्न या लुथरन धर्मगुरूनं. त्याला ही पूजा बंद पाडायची होती, म्हणजे साक्षीदार विरोधी पक्षातला! या मातांना ना वंशावळ, ना ठरलेलं रूप. एका गाण्यात मुलगी भूमातेकडे थडग्याची किल्ली मागते: माझ्या म्हाताऱ्या आईला न्यायच्या आत मला ते कुलूपबंद करू दे. इतर गाण्यांत मेलेल्यांवर सत्ता आहे वेल्यू मातेची. अशांना स्वतंत्र देवी म्हणून रांगेत बसवायची घाई कशाला?

खरा वाद मारेचा. ती गाईगुरांची, दुधाची राखणदार. तेराव्या शतकात क्रूसेडवाल्यांनी, म्हणजे ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांनी, हा प्रदेश कुमारी मेरीला अर्पण केला. म्हणून अभ्यासक हाराल्ड्स बिएझाइस यांना मारा म्हणजे मेरीच वाटते. उलट १९२५ मध्ये एर्नेस्ट्स ब्रास्तिन्श यांनी सुरू केलेल्या दिएवतुरी या जुना धर्म पुन्हा जागवू पाहणाऱ्या पंथात ती लाट्वियन लोकांची मूळची देवी. गाणी मात्र दोघांनाही पुरती साथ देत नाहीत. एकच गाणं एका पाठात लाइमेचं, तर दुसऱ्यात मारेचं.

नावापुरतं मला बिएझाइस यांचं पटतं. पण गाय आटली म्हणून कुणाचा तरी धावा करणं हे मेरीचं नाव त्या गोठ्यात पोचण्याआधीही चालूच असणार.