घर बघायला सकाळी सातच्या आत जा

मंडळी, नमस्कार. आजचा विषय खाण्याचा आहे हे वाचून काही जण नागपुरात कुठे काय चांगलं मिळतं याची यादी ऐकायला आले असतील. ती यादी तुमच्याकडे माझ्यापेक्षा मोठी असणार. मला बोलायचंय ते राहण्याबद्दल, खाण्यावरून वस्ती कशी निवडावी याबद्दल.

घर भाड्याचं असो की विकतचं, बघायला जाताना आपण काय विचारतो? नळाला पाणी किती वेळ येतं, गाडी कुठे लावायची, शाळा किती लांब, प्लॉट असेल तर आरएल, म्हणजे तो अधिकृत असल्याचं पत्र, झालंय का. हे विचारायलाच हवं. पण खाण्याशी आपला संबंध दिवसातून तीनदा येतो, आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. फार तर 'जवळपास चांगलं हॉटेल आहे का' एवढं विचारतात. माझ्या मते वस्ती पारखताना हॉटेल अगदी शेवटी बघावं. हॉटेलात आपण महिन्यातून एकदा-दोनदा जातो, आणि आता तर त्यांचं जेवण फोनवर घरी येतं. वस्ती कळायची असेल तर सकाळी सातच्या आत आणि संध्याकाळी दिवेलागणीला तिथल्या चौकात जाऊन उभं राहावं लागतं.

सकाळी सातच्या आत का, तर तर्री-पोह्यांच्या ठेल्यासाठी. चांगला ठेलेवाला पहाटेच हरभऱ्याचा रस्सा चढवतो. पोहे एका मोठ्या कढईत झाकून गरम ठेवलेले असतात. शेजारच्या गंजात रस्सा उकळत असतो आणि त्यावर लाल तवंग. गिऱ्हाईक 'तर्री मारून' म्हणालं की तो पळी तवंगावरून अलगद फिरवून वरचं वरचं घेतो. 'कमी तिखट' म्हणालं की तीच पळी मागच्या बाजूने तवंग सारते आणि तळातून हरभरे काढते. वरून कच्चा कांदा, थोडं फरसाण, सांबार म्हणजे आपली कोथिंबीर, लिंबाची फोड. हे सगळं दोन मिनिटांत होतं. या दोन मिनिटांत आजूबाजूला बघा. रात्रपाळी करून परतलेला वॉर्डबॉय, पेपर टाकणारी पोरं, फिरून आलेले निवृत्त काका, शाळेची व्हॅन चालवणारा, कॉलेजच्या होस्टेलमधल्या मुली. एवढी वेगवेगळी माणसं एकाच कढईभोवती उभी दिसली, तर त्या वस्तीत सगळ्या खिशांची माणसं राहतात असं खुशाल समजा. ठेल्यावर फक्त गाडीतून उतरलेली माणसं दिसली तर तो खाण्याचा अड्डा झाला. तिथे खायला जरूर जावं, पण त्यावरून घर घेऊ नये.

वस्तीचं खाणं कुणी ठरवून आखत नाही. तिथल्या माणसांच्या कामातून ते तयार होतं, आणि याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच शहरात आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंदशहाने १७०२ च्या सुमारास नाग नदीकाठच्या खेड्यांचं शहर केलं. पुढे रघूजी भोसल्यांच्या काळात त्याची राजधानी झाली. राजधानी म्हटली की कापड आलं, कापड म्हटलं की विणकर आले. हलबा-कोष्टी समाजाची घरं आणि माग पाचपावली, तांडापेठ, गोळीबार चौक या पट्ट्यात दाटीने वसले. १८७७ मध्ये टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि शहरात गिरणीचा भोंगा वाजायला लागला. सावजी जेवण या वस्त्यांतलं. दिवसभर मागावर बसणाऱ्या माणसाच्या घरचं जेवण आहे ते: खसखस, धणे, सुंठ, मिरे, दगडफूल भाजून वाटलेला मसाला, जुन्या घरांत जवसाचं तेल, आणि सोबत ज्वारीची भाकर. हातमागाचे दिवस संपले, पुढे गिरण्याही थंडावल्या, तेव्हा यातल्या कितीतरी घरांनी पुढच्या खोलीत दोन बाकं टाकली आणि भोजनालय सुरू केलं. स्वयंपाक घरच्या बाईचा, वाढायला घरचीच पोरं.

आज सावजीच्या पाट्या वर्धा रोडपासून पुण्या-मुंबईपर्यंत लागल्यात. चांगलं आहे, त्या कलेला पैसे मिळाले. पण रविवारी दुपारी एकदा तांडापेठेच्या गल्लीत जा. हातात स्टीलचा डबा घेऊन उभी असलेली शेजारची मुलं दिसतील. घरी भाकरी झालेल्या असतात, फक्त रस्सा न्यायचा असतो. मटण परवडलं नाही तर पाटवडी रस्सा, तेही नाही तर डाळकांदा. एकाच चुलीवर तिन्ही खिशांची सोय. अशी सोय जिथे आहे तिथे भाड्याने राहणारा एकटा मुलगा किंवा बाळंतपणानंतर घरात मदतीला कुणी नसलेली बाई उपाशी राहत नाही. वस्ती निवडताना मी हे बघते: ज्या दिवशी आपल्याच्याने स्वयंपाक होणार नाही, त्या दिवशी चालत जाऊन घरच्यासारखं जेवण कुठे मिळेल?

बाकीच्या वस्त्या भराभर सांगते, कारण तुम्हाला त्या माहीतच आहेत. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं जरीपटक्यात वसली, म्हणून रविवारची सकाळ दाल-पकवानची. मोमिनपुऱ्यात रमजानच्या रात्री पहाटेपर्यंत तंदूर पेटलेला असतो. ज्याला रात्रपाळी आहे त्याने हेही लक्षात घ्यावं. सदरमध्ये बेकऱ्या आणि मंगळवारी बाजार. धरमपेठेत कॅफे बक्कळ, पण तिथल्या माणसाचं नशीब खरं तर शेजारच्या गोकुळपेठ बाजाराने उघडलंय. कॅफे उद्या बंद झाला तर कुणाचं अडणार नाही. गोकुळपेठेचा भाजीबाजार उठला तर सगळ्या पश्चिम नागपूरचं अडेल.

आता संध्याकाळकडे येते. आपल्याकडे गुजरी, म्हणजे वस्तीतला भाजीबाजार, भरते ती दिवेलागणीला. घर बघताना संध्याकाळी जायचं ते गुजरीसाठी. तिथे तीन गोष्टी बघा. पहिली, भाजी पावभर मिळते का. पावभर देणारा भाजीवाला असला म्हणजे आसपास एकटी, म्हातारी, रोजच्या कमाईवर जगणारी माणसं आहेत आणि त्यांना मान आहे. दुसरी, हंगाम दिसतो का. थंडीत सांबाराच्या जुड्यांचे ढीग लागले की घरोघरी सांबारवड्या होतात. पोपटाच्या शेंगा, भरताची वांगी, आंबिया बहाराची संत्री दारावर येतात. बाराही महिने तोच फ्लॉवर आणि तीच सिमला मिरची दिसली तर माल कुठून तरी गाडीने येतोय, आसपासच्या खेड्यांशी त्या बाजाराचं नातं नाही. तिसरी गोष्ट पिठाच्या चक्कीची. ही मला सगळ्यात जवळची वाटते. ज्या वस्तीत चक्की चालते, तिथे घरात अजून गहू निवडला जातो, ज्वारी दळून आणली जाते, दिवाळीआधी भाजणीसाठी नंबर लागतो. चक्कीवर उभ्या असलेल्या दोन बायकांशी दहा मिनिटं बोला. त्या वस्तीबद्दल कोणताही दलाल सांगणार नाही एवढं त्या सांगतील: पाणी कधी जातं, कुठल्या डॉक्टरचा हात चांगला, डब्याचा स्वयंपाक कोण करून देतं.

आणि जमलं तर हे सगळं मे महिन्यात बघा. आपलं तापमान ४५ च्या वर जातं. २०१३ च्या २३ मे रोजी ४७.९ नोंदलं गेलं होतं. जानेवारीत जवळ वाटणारा एक किलोमीटर मे महिन्यात दुपारी चालवत नाही. चौकात कडुनिंब-पिंपळाची सावली आहे का, ताकवाला, उसाचा रस, रात्री उशिरापर्यंत चालणारं दुकान आहे का, हे उन्हाळ्यात कळतं.

नव्या लेआउटमध्ये राहायला गेलेली बरीच मंडळी समोर बसलीत. बेसा, मनीषनगर, मानेवाड्याच्या पलीकडे, वर्धा रोडच्या दोन्ही बाजूंना. घरं मोठी, रस्ते रुंद, हवा मोकळी. पण लेआउटच्या नकाशावर बाग असते, मंदिराची जागा असते, ओपन स्पेस असते. गुजरीची जागा नसते. मग भाजीवाला रिंग रोडच्या कडेला उभा राहतो. आपण गाडी आडवी लावून त्याच्याकडून सांबार घेतो, आणि रहदारीला अडथळा म्हणून त्याच्याविरुद्ध तक्रारही आपलीच सोसायटी करते. हे बदलायला हवं आणि ते आपल्या हातात आहे. २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. त्या कायद्याने शहरात नगर पथविक्रेता समिती असायला हवी. तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी स्वतः निवडून दिलेले, आणि त्यात एक-तृतीयांश महिला. प्रभागाच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घेण्याचं प्रमाण त्यात दिलंय. रहिवासी संघटनांनाही त्या समितीत जागा आहे. ती जागा फक्त ठेले हटवा म्हणायला वापरू नका. ठेले इथे बसवा, इथे पाण्याचा नळ द्या, इथे दिवा लावा, असं सांगायला वापरा.

आता जड विषय, पण तो टाळून या व्याख्यानाला अर्थ नाही. आपण खाण्यावरून वस्ती निवडायची म्हणतो, पण वस्तीही खाण्यावरून माणूस निवडत असते. या शहरात भाड्याचं घर शोधणाऱ्या तरुण मुलामुलींना विचारा. दारात चपला काढायच्या आत प्रश्न येतो, 'नॉनव्हेज खाता का?' स्वतःच्या स्वयंपाकघरात काय शिजवायचं हे ठरवायचा हक्क ज्याचा त्याला आहे. माझ्या चुलीवर नको, हे मला समजतं. पण वरच्या मजल्यावरच्या चुलीवरही नको, हे मला पटत नाही. अनेकदा या प्रश्नाआड दुसरा प्रश्न असतो: आडनाव काय, समाज कोणता. तोंडाने विचारायची लाज वाटते म्हणून ताटावरून विचारतात.

याच शहरात १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी लाखो लोकांना धम्मदीक्षा दिली. आजही धम्मचक्र प्रवर्तन दिनाला देशभरातून माणसं येतात आणि दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर जागोजागी मंडप टाकून जेवण वाढलं जातं. मसालेभात, पुरी-भाजी, पाण्याची पाकिटं. वाढणारा कुणाला आडनाव विचारत नाही. त्या दिवशी त्या रस्त्यांवर जसं जेवण मिळतं, तसं वर्षभर ज्या गल्लीत मिळेल ती गल्ली राहायला चांगली, हे मी माझ्या मुलांनाही सांगितलंय. म्हणून घर बघताना मी घरमालकाला उलट विचारते, की तुमच्याकडे आधी कोण कोण राहून गेलं? तो नावं सांगायला लागला की पाच मिनिटांत कळतं.

मघाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली की आम्ही बेशात फ्लॅट घेऊन बसलोय, आता काय करायचं? ताई, विकू नका. तुमच्या बिल्डिंगमध्ये डबे करून देणारी एखादी बाई नक्की असेल, तिला शोधा आणि आठवड्यातून दोन दिवस तिच्याकडून घ्या. भाजीवाल्याला गेटच्या आत यायला बंदी असेल तर पुढच्या मीटिंगमध्ये ती उठवायचा ठराव मांडा, मंगळवार आणि शनिवार संध्याकाळ ठरवून द्या. वॉचमनच्या खोलीशेजारी रिकामा गाळा असेल तर चक्कीवाल्याला भाडं कमी करून द्या. आवाज होईल, पण दुपारी दोन ते चार बंद ठेवायला तो तयार होतो. आणि महिन्यातून एकदा कुटुंबाला घेऊन मेट्रोने अग्रसेन चौकात उतरा, इतवारीत किराणा ओळीपर्यंत पायी जा आणि वर्षाची मिरची, धणे, खसखस पोरांना वास घेऊन निवडायला शिकवा. सकाळी लवकर जा, वाटेत पोहे मिळतील.